मॅडम, मी लिंबापाशीच आहे

मॅडम, मी तुमच्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसावर रागवू नये असं आत्याबाई मला दोनदा म्हणाल्या. पण तुमच्याशी गोड बोलायची सवय मला कधीच नव्हती आणि तुम्हालाही माझ्याशी नव्हती. आता तुमच्या फोटोपुढं फुलं पडली म्हणून मी एकदम शहाण्यासारखी वागायला लागले, तर तुम्हीच विचाराल, "वहिनी, बरं नाही का तुम्हाला?"

बरं नाहीच मला. त्या गुरुवारी आम्ही ठरल्या वेळेला ट्रॉलीत फोन बांधून बसलो होतो. नामदेव भावजी, माझे धाकटे दीर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते आंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून तुमची वाट बघत होते. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नेहमीसारखा तुमच्या वाटणीचा चहा फोनपुढं ठेवला होता. फोन वाजला तो साधाच, व्हिडिओचा नाही. मी तो सोडवून कानाला लावला तर तुमच्या बारामतीच्या दवाखान्यातली मुलगी रडत होती. "ताई, मॅडम काल वारल्या." मी तिला विचारलं, "कोणत्या मॅडम?" मला खरंच वाटलं, दुसऱ्या कुणीतरी असतील. तुम्ही तर आदल्याच खेपेला भावजींची जीभ बघितली होती, वजन विचारलं होतं, आणि गोळ्यांची वेळ चुकवली म्हणून मला झाडलं होतं. मरायला टेकलेलं माणूस असं दुसऱ्याला झाडत बसतं का?

मी भावजींकडं वळले आणि म्हटलं, "भावजी, आज मॅडम न्हाई येनार." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तुमच्या वाटणीचा कप उचलला आणि पिऊन टाकला. कधी, का, पुढच्या गुरुवारी येणार का, काही विचारलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

सुरुवात कशी झाली, आठवतंय ना तुम्हाला? भावजी तेव्हा कुणाच्या हातचं जेवत नव्हते. अन्नात काहीतरी कालवलंय म्हणायचे. कानात माणसं बोलतात म्हणायचे, आणि ती माणसं काय चांगलं थोडंच बोलतात! एकदा उसाच्या फडात शिरून बसले ते बाहेर यायलाच तयार नाहीत. भावकीतली माणसं लावून ओढून काढावं लागलं. पानांनी सगळं अंग कापलेलं, ओठ फुटलेले, आणि आत्याबाई बांधावर बसून छाती बडवून घेत होत्या. ते मी डोळ्यांनी बघितलंय. परत बघायची माझी ताकद नाही, आणि तेच परत होईल ही भीती आजही गेलेली नाही.

त्यांना गाडीत बसवायची सोय नव्हती. एकदा जीपमध्ये घालून बारामतीला न्यायला निघालो तर भवानीनगरच्या अलीकडंच दार उघडून उडी टाकायला निघाले. तेव्हा गावातली आशाताई म्हणाली, बारामतीच्या एक मॅडम मोबाईलवर बघतात. आमच्या ह्यांनी हसून विचारलं, "मोबाईलवर काय बघनार? फोटू?" मीही हसले होते. म्हटलं, चला, हेही करून बघू.

पण निरवांगीत आमच्या घरी रेंज कुठली? घरावर पत्रा, आत आलं की फोन मुका. सगळ्या अंगणात फिरून फिरून शेवटी रेंज सापडली ती उसाच्या ट्रॉलीत, तीही वर चढून उभं राहिलं तर. मग ट्रॉलीत एक लाकडी खुर्ची टाकली, पुढच्या फाळक्याला, म्हणजे आडव्या पत्र्याला, माझ्या ओढणीनं फोन बांधला, आणि झाला तुमचा दवाखाना सुरू. पहिल्या दिवशी अर्धी आळी ट्रॉलीला लटकलेली होती. आत्याबाई, दोन चुलत सासवा, शेजारचे तात्या, त्यांच्या सुना. सगळ्यांना डॉक्टरीणबाई बघायच्या होत्या. भावजी मान खाली घालून बसलेले. आणि तुम्ही स्क्रीनवरून म्हणालात, "नमस्कार, नामदेवराव."

मॅडम, तुमच्याशी कितीही भांडले तरी त्या 'राव'बद्दल मी तुमची ऋणी राहीन. गावात त्यांना 'येडा नाम्या' म्हणायचे. पोरंटोरंसुद्धा. घरात आम्ही नुसतं 'नामू' म्हणायचो, तेही बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू. तात्यांच्या तोंडून तर हसूच फुटलं. पण भावजींनी मान वर केली. मग तुम्ही म्हणालात, "मी तुम्हाला कधी खोटं सांगणार नाही. तुम्हीही मला सांगू नका. पटतंय?" आणि लगेच आवाज चढवून, "आता बाकीचे सगळे खाली उतरा. वहिनी, तुम्हीसुद्धा. ते मागं झाड दिसतंय ना, तिथपर्यंत जा."

ते झाड म्हणजे आमच्या अंगणातला लिंब, कडुलिंब. तिथून ट्रॉली दिसते, बोललेलं ऐकू येत नाही. तुम्ही हे बारामतीत बसून कसं हेरलंत देव जाणे. तेव्हापासून दर खेपेला माझी जागा तीच. फोन मी बांधायचा, तुमचा आवाज येईस्तोवर 'हॅलो हॅलो' मी करायचं, 'मॅडम, तुमचा आवाज बंद हाय, बटन दाबा' असं मी ओरडायचं, आणि दवाखाना सुरू झाला की मला हाकलायचं!

ह्याच्यावरून आपण किती भांडलो! मी तुम्हाला म्हटलं, "मॅडम, सैपाक मी करती, गोळ्या मी देती, रातीचं मी उठून बघती. मला कळायला नको काय बोलत्यात ते?" तुम्ही म्हणालात, "तुम्हाला कळायला हवं तेवढं मी सांगते. बाकीचं त्यांचं आहे." मी म्हटलं, "त्यांचं म्हंजे? घरातल्या मानसांपासनं लपवायचं?" तुम्ही म्हणालात, "लपवणं वेगळं आणि स्वतःचं असणं वेगळं. ह्या माणसाकडं स्वतःचं म्हणून काय उरलंय, वहिनी? एवढं तरी राहू द्या." मला तेव्हा पटलं नाही. सासरी माझं तरी स्वतःचं काय होतं, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. हे भांडण आपलं मिटलंच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी उकरून काढायची, तुम्ही तेच उत्तर द्यायच्या, आणि मी पाय आपटत लिंबापाशी जायची.

आणि तुमचं ते हात दाखवा प्रकरण! सुरुवातीला मला वाटलं, ही बाई काय दर वेळी परेड घेतीय. "नामदेवराव, दोन्ही हात पुढं करा. बोटं पसरा. आणखी. आता जीभ. आता उठा, ट्रॉलीच्या त्या टोकापर्यंत चालत जा आणि या. वहिनी, फोन खाली करा, मला पाय दिसत नाहीत." मी म्हणायची, मॅडम, तोंड दिसतंय की, बोला ना. तुम्ही खवळायचात. "तोंडावर माणूस काहीही दाखवतो. हात-पाय खोटं बोलत नाहीत." मग एकदा समजावून सांगितलंत, ह्या गोळ्यांनी हाताला कंप येतो, पायांत वळवळ सुटते, चाल बदलते, ते वेळेवर दिसलं तर गोळी बदलता येते. दिसलंही. भावजींच्या हातातला घास हलायला लागला होता आणि आम्ही म्हणत होतो अशक्तपणा असेल. तुम्ही गोळी बदललीत, कंप गेला. तेव्हापासून मी निमूटपणे फोन खाली-वर करायला लागले. निमूटपणे म्हणजे मनातल्या मनात पुटपुटत.

साखर कारखाना सुरू झाला की पंचाईत व्हायची. ट्रॉली ऊस वाहायला जायची, म्हणजे तुमचा दवाखानाच भवानीनगरला वजनकाट्याच्या रांगेत उभा! एका गुरुवारी मी भावजींना विहिरीच्या काठावर बसवून फोन लावला. तुम्ही किंचाळलात, "विहिरीच्या काठावर? वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "लागलं तर तुमी हायच की." भावजी हसले. मॅडम, किती वर्षांनी ते हसलेले मी बघितले तेव्हा! तुम्हीही हसलात, आणि मग ह्यांना फोनवर घेऊन असं काही सुनावलंत की त्या हंगामापासून ह्यांनी गुरुवारची सकाळची खेप सोडून दिली. ऊसतोडीचे टोळीवाले बोंबलले. हे म्हणाले, "आमचा दवाखाना असतोय त्या दिशी."

तुम्ही एकदा प्रत्यक्ष आलात, तो दिवस तर मी मेले तरी विसरणार नाही. इंदापूरला काही काम होतं म्हणून वाट वाकडी करून आलात. गाडीतून उतरलात आणि मी बघतच राहिले, एवढ्याशा! फोनमध्ये केवढ्या वाटायच्या. आत्याबाईंनी लगबगीनं भावजींना हाक मारली. ते दारात आले, तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ह्या त्या न्हाईत." झालं! आम्ही समजावून दमलो. तुम्ही बोललात, आवाज तोच, तरी नाही. ते जाऊन ट्रॉलीत बसले, फोनची वाट बघत. मग तुम्ही काय केलंत? लिंबाखाली गाडी लावली होती, तिच्यात जाऊन बसलात आणि तिथून व्हिडिओ लावलात; तुमचं कार्ड वेगळं, त्याला तिथं रेंज होती. अंगणातल्या अंगणात! भावजी तुम्हाला फोनमध्ये म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्याच कुनीतरी आल्यात हितं." आणि तुम्ही म्हणालात, "हो का? मग त्यांना चहा द्या." आत्याबाईंची तारांबळ उडाली, कप फोनपुढं ठेवायचा की गाडीत द्यायचा. शेवटी दोन्हीकडं ठेवला.

तो चहा आत्याबाईंचा हट्ट होता. दारात आलेलं माणूस चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही, मग ते फोनमधून आलेलं असो. पहिल्यांदा तुम्ही वैतागलात, "अहो, मी कशी पिणार?" मग तुम्हालाच सवय लागली. तिकडून तुमचा कप घेऊन बसायचात, निळ्या फुलांचा. इकडं भावजी, तिकडं तुम्ही.

आता मी का चिडलेय ते ऐका.

गेल्या वर्षी कधीतरी तुमचा कप दिसेनासा झाला. मी विचारलं तर म्हणालात, चहा सोडलाय, पित्त होतं. मग डोक्यावर ओढणी आली. म्हणालात, एसीचा गारवा सोसत नाही. मग तुमच्या पाठीमागची पुस्तकांची फळी गेली आणि तिथं हिरवा पडदा आला. आणि मी, मूर्ख बाई, काय म्हणाले? "मॅडम, पडदा लई झ्याक घेतलाय. कापड कुठनं घेतलं?" तुम्ही म्हणालात, "आवडला? बदलला परवाच." मला ती बारामतीतल्या दुकानाची गोष्ट वाटली. मॅडम, तो पुण्याच्या हॉस्पिटलातला पडदा होता! तुम्ही कॅन्सरच्या खाटेवर पडून आमच्या भावजींची जीभ बघत होता आणि मी तुम्हाला कापडाचा भाव विचारत होते!

असं करतात का कुणी? आम्ही कोण होतो तुमचे? आयुष्यभर आम्हाला सांगितलंत, फोन खाली करा, हात दाखवा, पाय दाखवा, तोंडावर माणूस काहीही दाखवतो. आणि स्वतः काय केलंत? नुसतं तोंड दाखवलंत. हनुवटीच्या खाली आम्हाला काही दिसू दिलं नाहीत. मी जर डॉक्टर असते ना, तर तुम्हाला असं झाडलं असतं!

तुमच्या घरी बारामतीला गेले होते मी. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला. पांढरी फुलं, मेणबत्त्या, वंदना चाललेली, आणि माणसं तर केवढी! कुणी सांगवीचं, कुणी तिकडं भीमेकाठचं. सगळे एकमेकांना हळूच विचारत होते, तुम्हाला माहीत होतं का? कुणालाच माहीत नव्हतं. सर, म्हणजे तुमचे मिस्टर, भेटले. म्हणाले, "तुम्ही निरवांगीच्या वहिनी ना? ट्रॉलीवाल्या?" मला रडू आलं. ते म्हणाले, शेवटी शेवटी पुण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर ओरडायचे, आराम करा म्हणायचे, पण गुरुवारी सकाळी ही उशा लावून उठून बसायचीच. मग त्यांनी मला आत नेऊन चहा दिला. निळ्या फुलांच्या कपात. इतकी वर्षं तुमच्यापुढं आमच्या घरचा चहा ठेवला, आणि तुमच्या घरचा पहिल्यांदा प्याले तो असा. तिथं मला राग-बिग काही आला नाही. नुसतं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. राग परतीच्या एसटीत आला.

घरी आले तर पुढ्यात एकच प्रश्न, भावजींना सांगायचं कसं? पाकिटात गोळ्या थोड्याच राहिल्या होत्या. चिठ्ठी नवी केल्याशिवाय मेडिकलवाला देत नाही. तुमच्या जागी जे नवे डॉक्टर आलेत त्यांच्याशी भावजी बोलले तरच पुढची चिठ्ठी. आणि हा माणूस तर तुम्हाला स्वतःला दारात बघून 'ह्या त्या न्हाईत' म्हणालेला! नाही बोलले तर गोळ्या बंद, आणि गोळ्या बंद झाल्या की पुढं काय, ते मी फडात बघितलेलं आहे.

संध्याकाळी ते गोठ्यात गवत टाकत होते. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "भावजी, मॅडम गेल्या वो."

ते गवत टाकतच राहिले. म्हणाले, "ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"त्यांनीच."

"त्यांनी? कवा?"

"पडदा हिरवा झाला तवा."

मग मला तो गुरुवार आठवला. मी फोन बांधत होते आणि भावजी मध्येच तुम्हाला म्हणाले होते, "मॅडम, तुमचं हात दाखवा." मला वाटलं, ह्यांचं परत काहीतरी सुरू झालं. मी म्हटलं, अवो भावजी, असं म्हनत्यात का. पण तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "वहिनी, लिंबापाशी जा." मी गेले.

"काय केलं त्यांनी, मी गेल्यावर?"

"दाखवला हात. सुई हुती हातात, सलाईनची. म्हनल्या, नामदेवराव, तुमाला खोटं सांगनार न्हाय. मी बरी व्हनार न्हाय."

"आन् तुमी मला सांगितलं न्हाई? येवढं दिवस? मी हितं पडद्याचं कापड इचारतीय, आन् तुमी गप?"

तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "त्यांचं हाय ते."

ज्या माणसाच्या पोटात काही राहत नाही असं सगळं गाव म्हणायचं, कानात आलेलं बोलणंसुद्धा जो मोठ्यानं बोलून दाखवायचा, त्या माणसानं तुमचं मरण महिनोन्महिने पोटात ठेवलं. दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसला तुमच्यापुढं. आणि मला, जी तुम्हाला रोज दिवसातून दहा वेळा शिव्या देत होती, तिला काही नाही! मी गोठ्यातून उठून आले आणि मोरीत जाऊन रडले. तुमच्यासाठी किती आणि चिडून किती, ते मलाही सांगता येणार नाही. पण खोटं बोलत नाही, नंतर एक गोष्ट कळली. मी कापड विचारलं होतं. त्यांनी हात विचारला होता. ज्यानं विचारलं त्याला तुम्ही सांगितलंत.

पण पुढचं काय, मॅडम? मरणार हे सांगितलंत, तुमच्यामागं कोण येणार हे नाही सांगितलंत! नवे डॉक्टर पहिल्या गुरुवारी फोनवर आले. तरुण आहेत, चष्मा आहे, बोलणं मऊ. "नमस्कार, नामदेव," म्हणाले. राव नाही. भावजींनी खुर्ची फिरवली आणि फोनकडं पाठ करून बसले. नवे डॉक्टर बिचारे पाठीशीच बोलत राहिले. झोप कशी आहे? भूक कशी आहे? पाठ काय सांगणार? आत्याबाईंनी चहासुद्धा ठेवला नव्हता. "त्यांच्या जागेवर ह्याला कशापायी?" म्हणाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, थोड्या दिवसांची चिठ्ठी देतो, पुढच्या गुरुवारी परत बघू. पण पुढच्या वेळी बोलावं लागेल हं.

मग तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. भावजींना समजावलं, ओरडले, एकदा तर हात जोडले. ते आपले गुरांकडं निघून जायचे. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अवो, मॅडमनं तुमाला येवढं सगळं सांगितलं, मग आता पुढं काय करायचं ते न्हाई सांगितलं?"

ते म्हणाले, "इचारलं न्हाय मी."

"का न्हाई इचारलं?"

"त्या रडल्या असत्या," म्हणाले, आणि उठून गेले.

मॅडम, तुम्ही रडला असता का हो?

काल गुरुवार होता. सकाळी बघते तर भावजी आंघोळ करून तयार. तेल, शर्ट, सगळं. काही बोलून बिघडायला नको म्हणून मी गुपचूप फोन बांधला. नवे डॉक्टर आले. भावजी खुर्ची न फिरवता बसले, पण मान खाली. डॉक्टर काही बोलायच्या आत भावजी म्हणाले, "हात दाखवा."

डॉक्टर म्हणाले, "हां, हां, दाखवा ना, पुढं करा."

"माझं न्हाय. तुमचं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दाखवा की, डॉक्टर. आमच्यात दाखवत्यात."

त्यांनी दोन्ही हात वर केले. भावजी खुर्चीतून पुढं वाकले. "बोटं पसरा. आनखी." पसरली. भावजींनी इतका वेळ बघितलं, इतका वेळ बघितलं, की मला वाटलं फोनच अडकला. उलटे करायला लावले, सुलटे करायला लावले. मग म्हणाले, "उठा. चालून दाखवा." आणि मॅडम, तो पोरगेला डॉक्टर खरंच उठला हो! खुर्ची मागं सरकवली, भिंतीपर्यंत चालत गेला आणि परत आला. फोन जरा खाली करून पायसुद्धा दाखवले, न सांगता. मोज्यात होता.

"बरं हाय," भावजी म्हणाले. डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, "आता तुमचे बघू का, नामदेवराव?"

हे राव त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही सांगितलं.

भावजींनी हात पुढं केले नाहीत. आधी माझ्याकडं वळले. "वैनी," म्हणाले, "लिंबापाशी जावा."

मी उतरले. पाय आपटले नाहीत. लिंबाखाली जाऊन उभी राहिले आणि बघितलं तर भावजींनी दोन्ही हात पुढं केले होते, बोटं पसरून, नीट, तुम्ही शिकवलेत तसे. आणि ते बोलत होते. पुष्कळ बोलत होते. एकदा शर्टाच्या बाहीनं डोळे पुसलेले मला दिसले. ऐकू काही येत नव्हतं.

तेवढ्यात घरातून आत्याबाई चहाचा कप घेऊन निघाल्या. गेल्या गुरुवारी ठेवला नाही म्हणून मनाला लागलं असणार. तरातरा ट्रॉलीकडं चालल्या होत्या, मी आडवी गेले आणि त्यांचा हात धरला.

"थांबा, आत्याबाई. जरा दमानं."

"का गं? काय बोलतोय त्यो? रडतोय व्हय? मला बघू दी."

"काय का बोलंनात," मी म्हटलं. "त्यांचं हाय ते. तुमी हितं उबं ऱ्हावा माझ्यापाशी."

त्या कुरकुरल्या, पण थांबल्या. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो, कप गार होईस्तोवर.